फेस्ट साडेआठला, शेअर रिक्षा साडेनऊपर्यंत

परवा रात्री सव्वानऊच्या सुमारास विरार वेस्टला रिक्षाच्या रांगेत भाची भेटली. मी एका बातमीवरून परतत होतो, ती कॉलेजातून. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात गुंडाळलेला फ्लेक्स, गळ्यात लाल फितीचं कार्ड, त्यावर ‘ऑर्गनायझिंग कमिटी’. म्हटलं, अगं, आज तर तुमच्या फेस्टची शेवटची रात्र ना? तो गायक येणार होता, त्याचं काय झालं?

म्हणाली, “मामा, तो साडेआठला स्टेजवर येणार होता. मी सव्वासातला निघाले.”

आगाशीची शेअर रिक्षा तिसऱ्या सीटसाठी थांबली होती. साडेनऊनंतर ती भरायला वेळ लागतो आणि दहानंतर ‘स्पेशल’शिवाय कोणी हलत नाही, हे आपल्याकडच्या लोकांना मी सांगायला नको. रिक्षात बसल्यावर तिनं फोन काढला. मैत्रीण तिकडून लाईव्ह दाखवत होती. लाईट, धूर, आरडाओरडा, मधेच तो गायक. बोळिंजच्या पुढे नेटवर्क गेलं आणि तिनं फोन बॅगेत टाकला.

या पोरीनं तीन महिने त्या फेस्टसाठी वसई ते अंधेरी स्पॉन्सर शोधले होते. आपल्या वालीवच्या एका गाळेवाल्याकडूनसुद्धा पैसे आणले होते. फेस्ट उभा करण्यात तिचा हात होता आणि तो बघितला तिनं रिक्षात, पाच इंचांच्या काचेवर. तिची तक्रार नव्हती, उलट मलाच म्हणाली, “असंच असतं, आम्ही लोकलवाले.”

हा ‘लोकलवाले’ शब्द माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

भाची मुंबईतल्या एका खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. कुठलं ते सांगत नाही, पोरीला तिथं अजून शिकायचंय. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट एका विद्यापीठाची नाहीच. पार्ल्याचं एनएमआयएमएस २००३ पासून अभिमत विद्यापीठ आहे, विद्याविहारचं सोमय्या २०१९ पासून खाजगी विद्यापीठ झालं, पनवेलजवळ भाताणला ॲमिटी आहे. वसई-विरारमधून अशा ठिकाणी जाणारी मुलं दरवर्षी वाढताना दिसतात. सकाळी विरार स्टेशनला गळ्यातली आयकार्डं बघितली तरी कळतं.

आता प्रवेशाची गोष्ट, कारण सगळं तिथून सुरू होतं.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही तिची सीट पक्की केली. सीईटीचा निकाल, सरकारी कॅप राउंड वगैरेला वेळ होता आणि या विद्यापीठांचे प्रवेश आधीच सुरू होतात. ‘सीट जाईल’ या भीतीनं माणूस पैसे भरतो, आम्हीही भरले. पहिल्या वर्षाचे पावणेतीन लाख. भावोजी वालीवला गाळ्यात सुपरवायझर आहेत, ताई घरी शिवणकाम करते. पावणेतीन लाख म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या.

आणि जुलैमध्ये शासन निर्णय आला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या कॉलेजांना लागू, फक्त प्रवेश कॅपमधून हवा. पण त्याच निर्णयात एक ओळ आहे: खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून.

ताईच्या घरात ओबीसीचा दाखला आहे आणि उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. म्हणजे तीच मुलगी वसई रोडला विद्यावर्धिनीत किंवा आपल्याच भागातल्या दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॅपमधून गेली असती, तर ही फी जवळजवळ सगळी वाचली असती. बरं, तेव्हा उशीरही झाला नव्हता. यूजीसीच्या त्या वर्षीच्या धोरणानुसार ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून. मी पत्रकार आहे, हे मला माहीत होतं आणि घरात मी ते सांगितलंही.

मग आम्ही बसलो. ताई, भावोजी, पोरगी आणि मी. ताईचं म्हणणं होतं की पैसे परत घ्यावेत. पोरगी गप्प. शेवटी म्हणाली, “तिकडे कॅम्पस लाईफ आहे ना.” माहितीपुस्तकात तेच होतं. हिरवळीवर बसलेली मुलं, गिटार, चाळीस क्लब, रोबोटिक्सपासून नाटकापर्यंत. आणि मी, शहाणा मामा, म्हणालो, “राहू दे ताई, एक्सपोजर मिळेल. आपण दोघं कुठे गेलो होतो असल्या ठिकाणी?”

म्हणजे हिशेब बघा. शिकवणं इकडेही होतं, तेही जवळजवळ फुकट. आम्ही जे पावणेतीन लाख दरवर्षी भरतोय, त्यातला मोठा भाग त्या कॅम्पस लाईफचा आहे. आणि ते कॅम्पस लाईफ संध्याकाळी सातनंतर सुरू होतं.

हे मला दीड वर्षानं कळलं. फेस्टनंतरच्या रविवारी मी तिला समोर बसवून नीट विचारलं, बातमीसाठी विचारतो तसं. काय काय चालतं, कधी चालतं, कोण ठरवतं.

लेक्चर पाचला संपतात. क्लबची मीटिंग साडेपाचला. ही पावणेसातपर्यंत थांबते, मग निघते. मीटिंगमध्ये अर्धंच ठरतं. उरलेलं रात्री हॉस्टेलच्या मेसमध्ये, जेवताना, नंतर गच्चीवर. कोण हेड होणार, बजेट कुठे जाणार, कोणत्या सरांना भेटायचं, हे सगळं रात्री साडेदहाला ठरतं आणि सकाळी हिला व्हॉट्सॲपवर कळतं. तेव्हा ही नालासोपाऱ्याच्या गर्दीत एका हातानं कडी धरून उभी असते. “वाईट नाहीत गं ती मुलं,” असं मी म्हणायच्या आधी तीच म्हणाली, “वाईट नाहीत रे ती. मुद्दाम करत नाहीत. आम्ही तिथे नसतो ना, म्हणून विसरतात.”

मुद्दाम कोणी केलं असतं तर भांडता आलं असतं. इथे भांडायचं तरी कोणाशी?

हॉस्टेलची फी वेगळी, आणि ती भरणं आम्हाला शक्य नाही. हॉस्टेलला राहणारी मुलं बहुतेक नागपूर, इंदूर, सुरत, दिल्लीकडची. त्यांचे ग्रुप हॉस्टेलच्या मजल्यांवर बनतात. लोकलवाल्यांचा एक वेगळाच ग्रुप आहे, वसई, नालासोपारा, विरार, सफाळे, पालघर, बोईसरच्या मुलांचा. व्हॉट्सॲपवर त्याचं नाव ‘७.०२ विरार’ आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये गेली, तेव्हा आम्ही पत्रकारांनी मोठ्या बातम्या केल्या होत्या की आता पालघर-बोईसरच्या मुलांना मुंबईतलं शिक्षण खुलं झालं. झालं खुलं, सकाळी आठ ते संध्याकाळी सातपर्यंत.

खर्चाची एक वेगळीच गंमत. वाढदिवस म्हणजे कॅफे, कॅफे म्हणजे डोकी सातशे. ही दोनदा गेली, तिसऱ्यांदा ‘ट्रेन आहे’ म्हणाली. ट्रेन हे चांगलं कारण आहे, पैसे नाहीत असं सांगावं लागत नाही. भाषेचं म्हणाल तर वर्गात इंग्रजी, कॅन्टीनमध्ये हिंदी, मराठी २७ फेब्रुवारीला. त्या दिवशी नऊवारी, फेटे, ढोल, रील. मी म्हटलं मराठी मंडळ आहे का तुमच्याकडे? म्हणाली, आहे की, त्याचं इन्स्टाग्राम पेज आहे.

आता माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांच्या पोरांवर लिहितो.

वसईतल्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर मी मुंबईत पत्रकारितेचा डिप्लोमा केला, संध्याकाळचे वर्ग. दिवसा एका प्रेसमध्ये प्रूफं तपासायचो. आठला वर्ग सुटायचा. सुटल्यावर पाच-सहा जण सरांबरोबर जवळच्या इराण्याकडे चहाला बसायचे. मी चर्चगेटकडे पळायचो, कारण विरार फास्टमध्ये उभं राहायला तरी जागा मिळावी. त्या चहावर बसलेल्या सहा जणांपैकी चौघं पुढे मोठ्या दैनिकांत लागले. माझ्यापेक्षा ते हुशार असतीलही, मी नाही म्हणत नाही. पण कोणत्या पेपरात जागा निघालीय, कोणत्या संपादकाला कसा मजकूर आवडतो, हे वर्गात शिकवत नसत, चहावर कळायचं. मला आठवडाभरानं कळायचं, जागा भरल्यावर. मी इथेच राहिलो, वसईच्या बातम्या करत. त्याचं मला दुःख नाही, ही बीट मला आवडते. पण भाची ‘आम्ही लोकलवाले’ म्हणाली तेव्हा मला तो इराणी आठवला.

काही जण म्हणतील, जुनं कॉलेज लाईफ बरं होतं. मी म्हणणार नाही. आमच्या वेळच्या गॅदरिंगमध्ये कोणाच्या तरी दादाचा शब्द चालायचा आणि मुलींची नाटकं दुपारी दोनला उरकायचे. आमचा विद्यार्थी प्रतिनिधी कसा ठरायचा माहितीय? ज्याला जास्त मार्क तो. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला, राज्यभर संताप उसळला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. कारण समजण्यासारखं होतं. पण मार्क मिळवणारा आणि मुलांचं गाऱ्हाणं मांडणारा एकच असतो असं थोडंच आहे? आमचा प्रतिनिधी पहिल्या बाकावरचा अतिशय सज्जन मुलगा होता. वर्षभरात तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये एकदाच गेला, पुष्पगुच्छ द्यायला.

मग २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि थेट निवडणुका परत आल्या, कागदावर. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी, सगळ्या मुलांनी मत देऊन निवडायचे. २०१९ ला गाडी वेळापत्रकापर्यंत आली, विधानसभा निवडणुकीचं कारण आलं आणि ती पुढे ढकलली गेली. मग कोरोना. त्या वर्षी एफवायला असलेली मुलं आता नोकरीला आहेत, त्यांनी कॉलेजात एकदाही मत दिलं नाही. अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो, पण कॅन्टीनचा भाव विचारणारा प्रतिनिधी निवडता येत नाही.

आणि हा कायदा नावाप्रमाणे सार्वजनिक विद्यापीठांचा आहे. मुंबई विद्यापीठाला आणि त्याच्या कॉलेजांना लागू. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना नाही. भाचीच्या विद्यापीठात ‘स्टुडंट कौन्सिल’ आहे, झोकात आहे, त्यांचे ब्लेझरही आहेत. पण निवडणूक नाही, निवड आहे. अर्ज भरायचा, मुलाखत द्यायची, सीनियर आणि एक मॅडम ठरवतात. मुलाखतीत प्रश्न असतो, ‘रात्री उशिरापर्यंत थांबू शकाल का?’ म्हणजे लोकलवाला तिथेच गळाला. म्हणून कौन्सिलमध्ये लोकलवाले नाहीत, म्हणून फेस्टची वेळ साडेआठ, म्हणून पुढच्या वर्षी अर्ज करणारा लोकलवाला आणखी कमी. हे चक्र कोणी ठरवून बनवलेलं नाही, पण फिरतंय.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. भाची गेल्या दीड वर्षात बदललीय, चांगल्या अर्थानं. जी मुलगी आगाशीच्या तळ्यावर ओळखीचं कोणी भेटलं तर आईच्या मागे लपायची, ती आता अनोळखी कंपनीत फोन करून ‘सर, दोन मिनिटं वेळ आहे का’ विचारते. तिच्या क्लबला हिशेब द्यावा लागतो, पावत्या जोडाव्या लागतात. प्राध्यापक ईमेलला उत्तर देतात. प्रयोगशाळा रात्री नऊपर्यंत उघडी असते, ज्यांना थांबता येतं त्यांच्यासाठी. हे इकडे मिळालं असतं का? शेजारचा मुलगा आपल्याच भागातल्या एका कॉलेजात आहे. त्याचं गॅदरिंग मांडवात दोन तासांत आटोपलं. त्यातला एक तास पाहुण्यांच्या सत्काराचा. तेव्हा ‘इकडे सोनं, तिकडे पितळ’ असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ज्या वस्तूचे पैसे भरतो, ती आपल्या मुलांच्या हातात येते का ते बघा. क्लासची फी भरून मुलगा क्लासला गेला नाही तर आपण घरात आकांत करतो. इथे वर्षाला लाखो भरून निम्मं विद्यापीठ मुलाला वेळेअभावी बंद आहे आणि आपण म्हणतो, पोरगी बिचारी दमते हो.

विद्यापीठांना यात फार काही करायचं नाहीये. तीन दिवसांच्या फेस्टमधला एक मुख्य कार्यक्रम दुपारी चारला ठेवला तर आकाश कोसळणार नाही. गायकाला उजेडात गाता येतं. मीटिंगमध्ये ठरलेलं रात्री बदलायचं नाही, बदलायचं असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये, एवढा एक नियम पुरे. कौन्सिलमध्ये रोज ये-जा करणाऱ्या मुलांच्या दोन जागा, आणि त्या त्यांनीच मत देऊन भरायच्या. कायदा सक्ती करत नाही म्हणून करू नये असं थोडंच आहे? कंपन्यांना दाखवायला ‘लीडरशिप’ शिकवता, मग मत द्यायलाही शिकवा.

नाटकवाल्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे ही अडचण जुनी आहे आणि तोडगाही जुना आहे. आयएनटी असो, युवा महोत्सव असो, २५ जानेवारीच्या रात्रीची ‘सवाई’ असो, एकांकिकेच्या तालमी रात्रीच होतात. वसई-विरारची मुलं त्यात कायम होती. ती काय करायची? कॉलेजच्या हॉलमध्ये बाकं जोडून झोपायची, पहाटेच्या गाडीनं घरी, अंघोळ करून परत. किंवा दादर-पार्ल्याच्या मित्राच्या घरी, त्याच्या आईच्या हातचं खाऊन. मुलांना हे जमायचं. मुलींना घरून परवानगी मिळायची नाही, म्हणून वसईकडच्या किती चांगल्या नट्या दुसऱ्या वर्षानंतर नाटकातून गेल्या, याची यादी माझ्या वयाच्या कोणत्याही नाटकवाल्याला विचारा. आज फी दहापट, वीसपट झाली, पण मुलीला तालमीनंतर एक रात्र सुरक्षित थांबायला खोली, वॉर्डनसकट, ही सोय मी विचारलेल्या तीन ठिकाणी नाही. हॉस्टेलच्या रिकाम्या खाटा असतात, पण नियमात बसत नाही म्हणतात.

आणि आपण इकडे काय करतो? २००९ पासून महापालिका आहे आपल्याला. डिसेंबरात चिमाजी अप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव होतो, त्या आठवड्यात पोरांचा उत्साह बघा. म्हणजे हौस आहे, माणसं आहेत. पण जूनमध्ये चार मुलांना तालीम करायची असेल, रोबो जोडायचा असेल, नुसतं बसून वाद घालायचा असेल, तर स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, रात्री दहापर्यंत उघडी, फुकट खोली कुठे आहे? वॉर्डावॉर्डात समाजमंदिरं आहेत. लग्नाच्या तारखा सोडून ती कुलपात असतात. ‘७.०२ विरार’वाली मुलं विरारला सव्वाआठ-साडेआठला उतरतात. घर इथून वीस मिनिटांवर, आई निश्चिंत. त्यांची संध्याकाळ खरं तर इथे सुरू होऊ शकते. हा प्रश्न मी माझ्या प्रभागात लेखी मांडणार आहे. तुम्ही तुमच्या प्रभागात मांडा.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे, त्यांच्यासाठी एक कळकळीची विनंती. मेमध्ये घाईनं सीट पक्की करण्याआधी कॅपची वाट बघता येते का ते बघा. मुलगी असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शुल्कमाफी तिथे लागू आहे का, हे तोंडी नाही, लेखी विचारा. प्रवेश रद्द केल्यास फी कधीपर्यंत परत मिळते, ते त्या वर्षीच्या यूजीसीच्या पत्रकात वाचा. आणि कॅम्पस दाखवायला नेतात तेव्हा दुपारी अकराला जाऊ नका. संध्याकाळी सातला जा. गेटवर उभं राहून बघा, कोण आत थांबतंय आणि कोण स्टेशनकडे पळतंय.

ताईला परवा मी सॉरी म्हटलं. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “तुझं काय चुकलं? तिलाच हवं होतं.” मग दोरा तोडून म्हणाली, “पण बघायला मिळायला हवं होतं रे तिला ते गाणं.”

पुढच्या वर्षीच्या कौन्सिलचे अर्ज निघालेत. भाचीनं आणून ठेवलाय, शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. ‘रात्री ९ नंतर उपलब्ध: होय / नाही’ असा एक रकाना आहे. ती म्हणाली ‘होय’ लिहिते, मग बघू. मी म्हटलं ‘नाही’ लिही आणि खाली कारण लिही, सविस्तर, गाडीच्या वेळेसकट. ‘७.०२ विरार’ ग्रुपवर तिनं विचारलंय. आतापर्यंत अकरा जणांनी ‘नाही’ लिहून अर्ज भरायचं ठरवलंय.